आधी खोली, मग अ‍ॅम्प

दुकानात उभं राहून केलेला फोन मला लगेच ओळखू येतो. मागे कोणीतरी ड्रम बडवत असतं, कीबोर्डवर एकच गाणं चौथ्यांदा वाजत असतं आणि विद्यार्थी घाईघाईने विचारतो, "सर, दोन अ‍ॅम्प आहेत. एक वीस वॅटचा, एक शंभरचा. शंभरचा थोडाच महाग पडतोय. घेऊन टाकू?" मी उलट विचारतो, कुठे वाजवणार आहेस? कोणाबरोबर? गिटार कोणती नेली आहेस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की गिटार घरी आहे, दुकानातलीच एक लावून पाहिली. मग मी सांगतो, आज काही घेऊ नकोस, संध्याकाळी घरी ये. त्या संध्याकाळी ज्या गप्पा होतात त्या इथे एकत्र मांडतो आहे. जॅझ गिटारसाठी पहिलाच अ‍ॅम्प घेणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.

गिटारच्या अ‍ॅम्पबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं रॉक आणि ब्लूज वाजवणाऱ्यांसाठी असतं. तिथे अ‍ॅम्पची परीक्षा तो फाटल्यावर होते. आवाज वाढवत नेला की सूर किती गोड फाटतो, यावर लोक पैसे मोजतात. जॅझमध्ये गरज नेमकी उलटी आहे. ड्रमरच्या बरोबरीने वाजवतानाही न फाटणारा अ‍ॅम्प आपल्याला हवा. हा आवडीनिवडीचा मामला नाही, कॉर्डच्या रचनेचा आहे. रॉकमधला पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. हे दोन सूर इतके जवळचे, की अ‍ॅम्पने त्यांचा कितीही चुरा केला तरी ते एकमेकांशी भांडत नाहीत. आता जॅझमधला रोजच्या वापरातला कॉर्ड घ्या, जी थर्टीन. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा, दुसरीवर पाचवा. पाचवी आणि पहिली तार गप्प. 'जी'ला सा धरलं तर खालून वर सूर येतात सा, कोमल नी, ग आणि ध. कोमल नी आणि त्याच्या वरच्या ध मध्ये मुळातच ताण आहे, आणि तो ताण हाच या कॉर्डचा स्वाद. अ‍ॅम्प जरासा जरी फाटायला लागला, की या सुरांच्या आपापसातल्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे सूर तयार होतात. तुम्ही ते वाजवलेलेच नसतात. ताण ऐकू येण्याऐवजी चिखल ऐकू येतो.

न फाटता आवाज वाढवण्याची जी मोकळीक अ‍ॅम्पकडे शिल्लक असते तिला हेडरूम म्हणतात. जॅझवाल्याने पैसे मोजायचे ते या हेडरूमसाठी. पण हेडरूम म्हणजे नुसते वॅट, असं समजून शंभर वॅटकडे धावण्यात अर्थ नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा असेल तर साधारण दहापट वॅट लागतात. फेंडरचे दोन गाजलेले ट्यूब अ‍ॅम्प घेऊ. डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा आहे आणि ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा. कागदावर जवळजवळ चौपट. प्रत्यक्षात फरक जेमतेम ६ डेसिबलचा, म्हणजे कानाला दीडपटीच्या आसपास. वजनाचा फरक मात्र पूर्णपणे जाणवतो. डिलक्स साधारण १९ किलोचा, ट्विन साधारण २९ किलोचा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा. जो अ‍ॅम्प उचलवत नाही तो कार्यक्रमाला जात नाही, घरात टीव्हीच्या शेजारी बसून राहतो. असे दोन अ‍ॅम्प माझ्या पाहण्यात आहेत.

म्हणून पहिला प्रश्न खोलीचा. तुम्ही पुढची दोन वर्षं खरोखर कुठे वाजवणार आहात? मनातल्या रंगमंचाबद्दल मी विचारत नाही. मंगळवारी रात्री साडेनऊला जिथे हात गिटारवर असेल ती जागा कोणती?

बहुतेकांचं उत्तर आहे घर, आणि आपल्याकडचं घर म्हणजे फ्लॅट. भिंतीपलीकडे शेजारी, आतल्या खोलीत झोपलेलं मूल. इथे पाच-दहा वॅटसुद्धा भरपूर होतात. या जागेसाठी हेडफोनची सोय असलेला, अगदी हळू आवाजातही सूर पातळ न होणारा छोटा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प घ्यावा. अनेक ट्यूब अ‍ॅम्प हळू वाजवले की निर्जीव वाटतात, ते थोडे उघडल्यावरच बोलायला लागतात. घरासाठी अ‍ॅम्प घेताना तो दुकानात मोठ्याने वाजवून पसंत केला, तर घरी नेल्यावर हमखास निराशा होते.

दुसरी जागा म्हणजे कोणाच्या तरी हॉलमध्ये गायिका, डबल बेस किंवा बेस गिटार आणि तुम्ही. ड्रम नाहीत, किंवा ब्रशने वाजवणारा समजूतदार ड्रमर आहे. जॅझ गिटार सर्वात सुंदर लागते ती याच बैठकीत. तीस-चाळीस वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प किंवा पंधरा-वीस वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प इथे आरामात पुरतो. तिसरी जागा क्लब, हॉटेल, लग्नाचं रिसेप्शन, जिथे ड्रमर काठ्यांनी वाजवतो आणि सॅक्सोफोन शेजारी उभा असतो. तिथे २२ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पही मध्यावर आल्यावर फाटू लागतो. इथे ट्रान्झिस्टरचे पन्नास-साठ वॅट किंवा त्याहून जास्त हवेत, किंवा अ‍ॅम्पच्या मागे लाइन आउट हवा. तिथून वायर थेट हॉलच्या साउंड सिस्टिमला जाते, मग तुमचा अ‍ॅम्प फक्त तुम्हाला आणि बेसवाल्याला ऐकू आला तरी चालतं. लाइन आउट असेल तर मोठ्या अ‍ॅम्पची गरज निम्म्याने कमी होते. खोक्याच्या मागच्या बाजूला ते भोक आहे की नाही हे बघायचं लोक विसरतात.

आता सुराबद्दल. जॅझ गिटारच्या सुराला आपण गोल म्हणतो. तानपुऱ्याची किंवा सतारीची जवारी ज्याने ऐकली आहे त्याला हे एका वाक्यात समजतं. खुल्या जवारीत तार झणझणते, वरचे स्वरांश पसरतात. बंद जवारीत सूर आखूड, भरीव, गोल होतो. जॅझ गिटारचा पारंपरिक सूर बंद जवारीकडे झुकतो. जाड तारा, बऱ्याचदा फ्लॅटवाऊंड, मानेजवळचा पिकअप, गिटारवरचा टोनचा नॉब थोडा खाली. म्हणजे सूर घडतो तो बराचसा गिटारमध्येच. अ‍ॅम्पचं काम तो न बिघडवता मोठा करण्याचं. म्हणूनच जॅझ वाजवणाऱ्याला अ‍ॅम्पवरच्या दहा-बारा इफेक्टची गरज नसते. थोडासा रिव्हर्ब हवा, तोही बुडबुड्यासारखा न उठणारा. बाकीच्या खटक्यांसाठी एक रुपयाही जादा देऊ नका.

या गोल सुराचा जीव मधल्या सप्तकात, मिडमध्ये असतो. आणि इथेच एक अडचण आहे, जी दुकानदार सांगत नाही. फेंडरच्या १९६३ नंतरच्या अ‍ॅम्पचं टोन सर्किट, आणि त्यावरून बेतलेली इतर कित्येकांची सर्किटं, ४००-५०० हर्ट्झच्या आसपास खळगा पाडतात. खालचा बेस आणि वरचा ट्रेबल उठून दिसतो, मधला भाग खाली बसतो. गाण्यामागे लुकलुकणाऱ्या गिटारला तो खळगा छान दिसतो. पण पहिल्या तारेच्या तिसऱ्या ते आठव्या फ्रेटपर्यंतचे सूर बघा. ते ३९२ ते ५२३ हर्ट्झमध्ये बसतात. म्हणजे जिथे तुम्ही चाल वाजवता, नेमकं तिथलं मांस अ‍ॅम्प काढून घेतो. मग माणूस सूर पातळ वाटतो म्हणून बेस वाढवतो, बेसने घुमायला लागतं म्हणून ट्रेबल वाढवतो, आणि अर्ध्या तासाने अ‍ॅम्पला नावं ठेवतो.

उपाय सोपा आहे. सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करू नका. बेस २ ते ३, ट्रेबल ३ ते ४, आणि मिडचा नॉब असेल तर ७ च्या पुढे, हवं तर थेट १०. या फेंडरी सर्किटात मिड दहावर आणि बेस-ट्रेबल खाली म्हणजे अतिरेक नव्हे, उलट तेव्हाच आवाज सपाटीला येतो. ब्राइट लिहिलेला खटका असेल तर बंद. काही अ‍ॅम्पला मिडचा नॉब नसतोच. डिलक्स रिव्हर्बला बेस आणि ट्रेबल दोनच नॉब आहेत. तिथे 'नॉर्मल' लिहिलेलं चॅनेल वापरून बघा. त्यात रिव्हर्ब नाही, पण सूर जास्त भरीव लागतो. एखादा अ‍ॅम्प या मांडणीतही गोल वाजत नसेल, तर तो तुमच्यासाठी नाही.

दुकानात जाण्याआधी कान तयार करायला हवेत. चार्ली ख्रिश्चन १९३९ साली बेनी गुडमनच्या ताफ्यात आला तेव्हा त्याच्या हातात गिब्सनची ईएस-१५० होती आणि सोबत ईएच-१५० हा जेमतेम पंधरा वॅटचा अ‍ॅम्प. गिटार सॅक्सोफोनसारखी एकेक सूर घेऊन बोलू शकते हे जगाला पटलं ते एवढ्याशा शक्तीवर. जिम हॉलने बरीच वर्षं गिब्सनचा जीए-५० वापरला. त्यात एक १२ इंची आणि एक ८ इंची असे दोन वेगवेगळे स्पीकर. १९६२ मध्ये आलेली बिल एव्हन्सबरोबरची त्याची 'अंडरकरंट' ही तबकडी जरूर ऐका. फक्त पियानो आणि गिटार, बेस नाही, ड्रम नाहीत. इतक्या हळू आवाजात प्रत्येक सुराला कड आणि गाभा दोन्ही असतात. वेस माँटगोमेरी पिक न वापरता अंगठ्याने वाजवत असे. फेंडर आणि स्टँडेलच्या अ‍ॅम्पमधून तो अंगठा किती मऊ तरीही ठसठशीत येतो, ते १९६० च्या त्याच्या ध्वनिमुद्रणापासून पुढे ऐकत जा. केनी बरेलची १९६३ ची 'मिडनाइट ब्लू' ऐका. आपल्या मुंबईत १९३६ साली गोवेकर कुटुंबात जन्मलेले आणि साठच्या दशकात लंडनला गेलेले अमान्सिओ डिसिल्वा यांची जो हॅरिअटबरोबरची १९६९ ची 'हम दोनो'ही ऐका. त्या गिटारचा सूर अमेरिकन साच्यातला नाही, आणि गोल सूर एकाच प्रकारचा नसतो हे त्यातून कळतं. कोलकात्याचे कार्लटन किट्टो २०१६ साली गेले. बेबॉपची ख्रिश्चनपासून आलेली वाट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं त्यांना मी काय म्हणतो ते सांगायला नको.

ट्यूब की ट्रान्झिस्टर, हा वाद आता करून टाकू. ब्लूज-रॉकच्या जगात ट्यूब म्हणजे खरा आणि ट्रान्झिस्टर म्हणजे स्वस्तातला, अशी समजूत आहे. जॅझमध्ये तिला फारसा आधार नाही. जो पाससारखा एकट्याने मैफल पेलणारा वादक पॉलिटोनचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वापरत असे, आणि त्याच्या पिढीतल्या कित्येकांकडे ते होते. रोलंडचा जेसी-१२० म्हणजे जॅझ कोरस १९७५ साली आला. दोन १२ इंची स्पीकर, प्रत्येकाला स्वतंत्र ६० वॅट, सगळं ट्रान्झिस्टरवर. आजही अनेक मोठ्या रंगमंचांवर तो भाड्याच्या सामानात उभा असतो, कारण त्याचा स्वच्छ आवाज कुठेही सारखाच लागतो. ट्यूबची खासियत म्हणजे ती फाटते ती हळूहळू, उतारावरून. ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा फाटतो. आपल्याला फाटेपर्यंत जायचंच नाही, तर तो उतार किती गोड आहे यासाठी दुप्पट पैसे का द्यायचे? ट्यूबमध्ये स्पर्शाला प्रतिसाद देणारी एक ऊब असते हे मी मान्य करतो. ती ऊब मला आवडते, माझ्याकडे एक जुना ट्यूब अ‍ॅम्प आहेही. पण पहिल्या अ‍ॅम्पसाठी ती ऊब मी मोजत नाही. ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, प्रवासात हादरे खातात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्या दुरुस्त करणारा हात मिळणं अवघड असतं. आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. ट्यूब अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. आणि स्पीकर जोडलेला नसताना तो कधीही चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

गेल्या काही वर्षांत तिसरी जात आली आहे. हलके, आतून क्लास डी पद्धतीचे अ‍ॅम्प. हेन्रिक्सनसारख्या कंपन्या खास जॅझसाठी असे अ‍ॅम्प बनवतात. साडेसहा इंची स्पीकर आणि सोबत ट्वीटर असलेलं खोकं खांद्यावर अडकवून लोकलने नेता येतं. जर्मनीच्या एईआरचा काँपॅक्ट ६० मुळात अकूस्टिक गिटारसाठी बनवलेला, ६० वॅटचा, ८ इंची स्पीकरचा, साडेसहा किलोच्या आसपासचा. पोकळ आर्चटॉप गिटार त्यातूनही सुरेख वाजते. फेंडरने टोन मास्टर मालिकेत डिलक्स रिव्हर्बचा आवाज डिजिटल पद्धतीने आणला आणि वजन साधारण साडेदहा किलोवर आणलं. भारतात यातले बरेचसे आयात होऊन येतात, त्यामुळे किंमत चढलेली असते. एक ध्यानात ठेवा, ट्वीटरवाल्या अ‍ॅम्पमध्ये तारेवर नख घासल्याचा आवाजही स्पष्ट येतो. ज्याला उजव्या हाताची सफाई नाही त्याला हा आरसा सुरुवातीला त्रास देतो. ट्वीटर बंद किंवा कमी करण्याची सोय असेल तर चांगलं.

बजेट कमी असेल तर काय? मुळात पहिल्या दोन वर्षांत घरासाठी आणि छोट्या बैठकीसाठी एकच अ‍ॅम्प पुरवायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. ट्रान्झिस्टर किंवा डिजिटल, ४० ते ६० वॅट, १० किंवा १२ इंची एक स्पीकर, हेडफोन, लाइन आउट, स्वतंत्र मिडचा नॉब आणि वजन १२ किलोच्या आत. हे सगळं बसत असेल तर कंपनीचं नाव कोणतं हे मी विचारत नाही. रोलंड आणि बॉसचे छोटे अ‍ॅम्प यात बरेच बसतात. त्यांच्यात जॅझ कोरसच्या धर्तीवरचा किंवा क्लीन लिहिलेला आवाज निवडावा आणि बाकीचे विसरून जावे. वापरलेला अ‍ॅम्प घ्यायलाही मी उत्तेजन देतो. तो घेताना प्रत्येक नॉब सावकाश इकडून तिकडे फिरवा. खरखर आली तर ती बहुधा धूळ आणि ओलसरपणाची असते, काँटॅक्ट क्लिनरने जाते, तिच्यामुळे सौदा मोडू नका. किंमत पाडून घ्या. पण सहाव्या तारेचे खालचे सूर एकेक करून जोरात वाजवताना स्पीकर खडखडला, किंवा पंधरा मिनिटांनी जळका वास आला, तर हात जोडून बाहेर पडा.

काहीजण अ‍ॅम्पच न घेता गिटार थेट मिक्सरला किंवा कीबोर्डच्या अ‍ॅम्पला लावतात आणि सूर मेल्यासारखा का येतो असं विचारतात. गिटारच्या पिकअपला साधारण दहा लाख ओहमचा इनपुट हवा असतो, तर मिक्सरचा साधा लाइन इनपुट दहा हजार ओहमच्या आसपास असतो. तिथे तारेचा वरचा भाग वाटेतच गळून पडतो. मध्ये डीआय बॉक्स किंवा प्रीअ‍ॅम्पचं पेडल लागतं. ते असेल तर मिक्सरचा मार्ग वाईट नाही.

पोकळ गिटार असलेल्यांसाठी एक परिच्छेद जास्त. आर्चटॉपची पेटी म्हणजे स्वतःच एक वाद्य असते. अ‍ॅम्पचा आवाज पेटीवर आदळतो, पेटी थरथरते, तार थरथरते, पिकअप तेच पुन्हा अ‍ॅम्पला देतो, आणि डग्ग्यासारखं घुमायला लागतं. बहुतेक पेट्या सहाव्या तारेच्या तिसऱ्या ते सातव्या फ्रेटच्या सुरांजवळ, म्हणजे साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास घुमतात. तुमची कुठे घुमते ते शोधून ठेवा. सहाव्या तारेवर एकेक फ्रेट वर सरकत जा, जो सूर इतरांपेक्षा अचानक फुगतो तो तुमचा. मग त्याच जागी आवाज कमी करणारा नॉच फिल्टर किंवा बेसची नीट आखलेली पट्टी असलेला अ‍ॅम्प तुम्हाला जास्त उपयोगी. फेज बदलणारा खटका असेल तर तोही अनेकदा गुण देतो. हे काही नसेल तर अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा आणि त्याच्या तोंडासमोर न बसता बाजूला बसा. कोपरा आणि फरशी दोन्ही बेस वाढवतात. एवढ्याने निम्मी घूम जाते, एक पैसा न खर्चता.

आता विजेबद्दल, कारण इथे खरी माणसं आणि खरे पैसे दोन्ही गेलेले मी पाहिलेत. माझ्या एका विद्यार्थ्याची मावशी न्यू जर्सीहून येताना त्याच्यासाठी वापरलेला अ‍ॅम्प घेऊन आली. प्लगची पिन बदलायला एक अडॅप्टर पुरला आणि त्याने तो भिंतीत लावला. एक फट्‌ आवाज, थोडा धूर, आणि मावशीची भेट संपली. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्ट नाही. अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर काय लिहिलं आहे ते आधी वाचा. १००-२४० लिहिलेलं असेल किंवा व्होल्टेजचा खटका असेल तर प्रश्नच नाही. फक्त १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो पट्टीवर लिहिलेल्या वीज-वापराच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्यावा. स्पीकरचे वॅट आणि विजेचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोंधळ करू नका. शिवाय पट्टीवर ५०/६० हर्ट्झ नसून फक्त ६० असेल, तर आतला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापू शकतो. असा अ‍ॅम्प परदेशातून मागवूच नये. नातेवाईक येणार असतील तर त्यांना हे आधीच कळवून ठेवा.

अर्थिंगची पिन कोणीही तोडू देऊ नका. गुणगुण कमी होते म्हणून मंडपवाले तसं सुचवतात. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा गात असताना माइकला ओठ लागून चटका बसला, तर लगेच थांबा. अशा वेळी बहुतेक वेळा अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि साउंड सिस्टिम दुसऱ्याच लाइनवर लावलेली असते, किंवा एका बाजूला अर्थच नसतो. दोन्ही एकाच, नीट अर्थ केलेल्या बोर्डावरून घ्या. जुन्या वाड्यात राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, मग अ‍ॅम्प आणा. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने अ‍ॅम्पला कापडी झाकण घाला, प्लॅस्टिकचं नको, आत ओल धरते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवला तर आतली उष्णताच त्याला कोरडा ठेवते.

शेवटी दुकान. स्वतःची गिटार, स्वतःची वायर, स्वतःच्या तारा. दुकानातल्या पातळ तारांच्या गिटारवर निवडलेला अ‍ॅम्प घरी आल्यावर दुसराच निघतो. रिव्हर्ब आधी शून्यावर आणा, तो बऱ्याच उणिवा झाकतो. नॉब वर सांगितल्याप्रमाणे लावा. आवाज मात्र तितकाच ठेवा जितका तुमच्या खोलीत असणार आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो आणि मोठ्या आवाजात जास्त, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. म्हणून हळू लावून पसंत केलेला बेस कार्यक्रमात सगळं गढूळ करतो. क्लबसाठी घेत असाल तर दुकानदाराला नम्रपणे सांगा की पाच मिनिटं मोठ्याने वाजवावं लागेल.

आणि उठून लांब जा. गिटारचा स्पीकर ट्रेबल सरळ रेषेत पुढे फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर असताना तुमच्या गुडघ्यांना तो तीक्ष्ण सूर मिळतो आणि कानांना मऊ. समोर बारा फुटांवर बसलेल्या श्रोत्याला मात्र सुई टोचत असते. मित्राला वाजवायला सांगा आणि स्वतः समोर खाली बसून ऐका. मित्र नसेल तर अ‍ॅम्प टेबलावर ठेवून, तोंडाच्या उंचीवर आणून ऐका. तिथे जो आवाज आहे तोच लोकांना ऐकू येणार आहे.

मग तो जी थर्टीन वाजवा. सा, कोमल नी, ग, ध. आधी चारही सूर वेगवेगळे, मग एकत्र, मग थोडा जोरात. खालचा सा वरच्या सुरांना गिळतो का ते ऐका. वरचा ध एकटा असताना जसा होता तसाच चौघांत आला पाहिजे. नंतर पहिल्या तारेवर तिसऱ्या ते आठव्या फ्रेटमध्ये तुमच्या आवडीची कोणतीही चाल सावकाश वाजवा, अंगठ्याने एकदा, पिकने एकदा. दोन्हींतला फरक अ‍ॅम्पने सांगितला पाहिजे. वीस मिनिटं द्या, दोन-तीन अ‍ॅम्पवर हेच सगळं त्याच क्रमाने करा, आणि त्या दिवशी विकत न घेता घरी या.

शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. दुकान उघडतं तेव्हा, कामाच्या दिवशी सकाळी जा. ड्रमवर कोणी नसतं, कीबोर्डवर कोणी नसतं, आणि तो ध तुम्हाला ऐकू येतो.